समोरच्याची स्क्रीन रंगीत आहे हे कळलं आणि गेमबॉय बनवणारा गडी निवांत झाला

हिंगोलीचा दसरा असू द्या नाहीतर औंढा नागनाथची महाशिवरात्रीची यात्रा. नव्वदच्या दशकात यात्रेत गेलेल्या पोरांची नजर खेळण्यांच्या दुकानात एका वस्तूवर हमखास अडकायची. हातात मावेल एवढा प्लास्टिकचा डबा, वर करडी काच, खाली चार-पाच बटणं आणि डब्यावर छापलेलं ‘९९९९ इन १’. गेम काही ९९९९ नसायचे, तेच ठरावीक फिरून फिरून यायचे. पण वरून पडणारे ठोकळे रचायच्या नादात जेवणाची शुद्ध राहायची नाही. सेल संपले की ते उन्हात ठेवायचे, दातानं चावायचे आणि परत घालायचे.

तीच पोरं आता पस्तिशी-चाळिशीत आलीत. हातात स्वतःचा पगार आहे आणि लहानपणी राहून गेलेले गेम आता खेळायचेत. त्यासाठी बाजारात छोटे हँडहेल्ड कन्सोल आलेत. त्यांच्यात इम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर असतं. म्हणजे नवं मशीन जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करतं. जुन्या गेमला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत आणि तो चालू होतो.

पण शोधाशोध करता करता गाडी शेवटी दोन मशीनवर येऊन अडकते. एक छोटं, साधं, स्वस्त. दुसरं मोठं, तगडं, महाग. मित्र म्हणतात मोठं घे, खिसा म्हणतो छोटं घे. आता करायचं काय?

तर हाच पेच १९८९ च्या सुमारास जगभरातल्या ग्राहकांपुढं होता. आणि त्याच्याही आधी तो एका जपानी इंजिनिअरपुढं होता. त्यानं छोटं, साधं, स्वस्त निवडलं आणि इतिहास घडवला. पुढं त्याच विचारानं चालताना तो तोंडावरही आपटला. त्याचं नाव गुनपेई योकोई.

योकोईचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योतो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. अभ्यासात काही फार चमकदार नव्हता. मोठ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नाही, म्हणून १९६५ मध्ये त्यानं घराजवळच्या एका कंपनीत नोकरी धरली. कंपनीचं नाव निन्टेंडो.

आता निन्टेंडो म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं मारिओ येईल. पण तेव्हा ही पत्ते बनवणारी कंपनी होती. १८८९ पासून ती हानाफुदा नावाचे फुलापानांची चित्रं असलेले जपानी पत्ते छापत होती. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या योकोईला काम मिळालं ते पत्ते बनवणाऱ्या मशीनची देखभाल करण्याचं. मशीन बिघडलं तर दुरुस्त करायचं आणि नाही बिघडलं तर बसून राहायचं.

रिकामा वेळ भरपूर. त्या वेळात पठ्ठ्यानं स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणं बनवलं. कात्रीसारख्या एकमेकींना जोडलेल्या पट्ट्या, मूठ दाबली की पट्ट्या लांब जाणार आणि पुढचा पंजा लांबची वस्तू पकडणार. एक दिवस कंपनीचे मालक हिरोशी यामाउची फेरी मारायला आले आणि त्यांनी हे खेळणं पाहिलं. योकोईला केबिनमध्ये बोलावणं आलं. त्याला वाटलं, आता नोकरी गेली. पण मालकांनी सांगितलं की हेच खेळणं विकायला बनव.

१९६६ मध्ये अल्ट्रा हँड या नावानं ते बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त विकलं गेलं. मशीनची देखभाल करणारा गडी खेळणी बनवणारा झाला.

पुढच्या काही वर्षांत त्यानं एकापेक्षा एक भन्नाट गोष्टी काढल्या. घरातल्या घरात चेंडू फेकणारं मशीन काढलं. १९६९ मध्ये लव्ह टेस्टर आला. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, दुसऱ्या हातात मशीनचं एकेक टोक पकडायचं आणि प्रेम किती आहे ते काट्यावर बघायचं. प्रत्यक्षात मशीन मोजायचं ते अंगातून जाणारा बारीकसा विजेचा प्रवाह. पण तरुण पोरापोरींना हात धरायला निमित्त मिळालं आणि खेळणं चाललं. नंतर त्यानं शार्प कंपनीचे सोलर सेल वापरून प्रकाशाची बंदूक बनवली. सोलर सेल वीज तयार करायला असतात, यानं ते नेम लागला की नाही हे ओळखायला वापरले.

सगळंच सोन्याचं झालं असं नाही. हीच बंदूक मोठी करून निन्टेंडोनं १९७३ मध्ये बोलिंगच्या हॉलमध्ये नेमबाजीचा खेळ सुरू केला. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, ऑर्डरी रद्द झाल्या आणि कंपनीच्या डोक्यावर कर्ज बसलं.

एवढ्या सगळ्यातून योकोईचा एक विचार तयार झाला. नवंकोरं तंत्रज्ञान महाग असतं, नाजूक असतं आणि त्याचे गुणदोष कुणाला माहीत नसतात. त्यापेक्षा जे तंत्रज्ञान बाजारात जुनं झालंय, स्वस्त झालंय आणि ज्याच्या सगळ्या खोडी माहीत आहेत ते घ्यायचं. फक्त ते अशा ठिकाणी वापरायचं जिथं कुणी वापरलं नसेल. आपल्या भाषेत सांगायचं तर लोणचं मुरल्यावर काढायचं, पण वाढायचं ते नव्या ताटात.

या विचाराची पहिली मोठी परीक्षा झाली रेल्वेत. योकोई शिंकान्सेननं म्हणजे बुलेट ट्रेननं चालला होता. समोर एक नोकरदार माणूस कंटाळा घालवायला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. त्याच्या डोक्यात आलं की प्रवासात वेळ घालवायला खिशात मावणारा, दुसऱ्याला पटकन दिसणार नाही असा गेम का नसावा?

ही कल्पना मालकांपर्यंत गेली तीही गमतीशीर पद्धतीनं. यामाउची यांचा ड्रायव्हर एक दिवस आला नव्हता. त्यांची गाडी अमेरिकन, स्टेअरिंग डाव्या बाजूला. ती चालवायची सवय असलेला माणूस म्हणून योकोईला ड्रायव्हर व्हावं लागलं. नुसतीच गाडी काय चालवायची, म्हणून त्यानं वाटेत कल्पना सांगून टाकली. यामाउची काही फार बोलले नाहीत. पण त्या दिवशीच्या बैठकीत त्यांच्या शेजारी बसले होते शार्पचे प्रमुख. काही दिवसांतच शार्पची माणसं निन्टेंडोच्या दारात हजर झाली.

तेव्हा शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरची जोरदार लढाई चालू होती. त्या लढाईमुळं कॅल्क्युलेटरची काच आणि चिप दोन्ही मातीमोल झाल्या होत्या. योकोईला पाहिजे होतं तेच हे, मुरलेलं तंत्रज्ञान. २८ एप्रिल १९८० ला गेम अँड वॉच बाजारात आला. एका मशीनमध्ये एकच गेम आणि सोबत घड्याळ. या मालिकेची एकूण ४ कोटी ३४ लाख मशीन विकली गेली.

यात्रेतला आपला ब्रिक गेम आठवा. काचेवर आधीच आखून ठेवलेले ठोकळे, बटण दाबलं की त्यातले काही काळे होणार. कॅल्क्युलेटरची काच खेळायला वापरायची ही वाट योकोईनंच मोठी करून ठेवली होती.

१९८२ मध्ये डाँकी काँग हा गेम वहीसारख्या मिटणाऱ्या गेम अँड वॉचवर आणायचा होता. त्यात मारिओला वर, खाली, डावीकडं, उजवीकडं न्यायचं होतं. उभी दांडी बसवली तर मशीन मिटणार नाही. चार बटणं दिली तर खेळणाऱ्याला सारखं खाली बघावं लागणार. योकोईनं अधिकच्या चिन्हासारखं एकच सपाट बटण बसवलं. अंगठा तिथंच ठेवायचा आणि चारही दिशांना नुसता झुकवायचा. आज तुम्ही कुठलाही कन्सोल हातात घ्या, डाव्या अंगठ्याखाली हे बटण या ना त्या रूपात सापडतंच.

याच काळात शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण चित्रकार पोराला पहिला मोठा गेम करायची संधी मिळाली. १९८१ चा मूळ डाँकी काँग. त्या कामावर देखरेख योकोईची होती. हाच मियामोतो पुढं मारिओचा जनक म्हणून जगभर ओळखला गेला.

आता येऊ मुख्य विषयाकडं.

गेम अँड वॉचमध्ये एकच गेम असायचा, त्यामुळं लोक काही दिवसांनी कंटाळायचे. म्हणून योकोई आणि त्याचा सहकारी सातोरू ओकादा यांच्या टीमनं कॅसेट बदलता येईल असं मशीन करायला घेतलं. तेव्हा रंगीत काच बनवता येत नव्हती असं नाही. पण रंगीत काच दिसायला मागून दिवा लागायचा आणि दिवा सेल खायचा. योकोईनं हिशोब केला आणि काळ्या-पांढऱ्याच्या बाजूनं उभा राहिला.

त्याचं म्हणणं साधं होतं. फळ्यावर खडूनं दोन गोल काढून हा बर्फाचा माणूस आहे असं सांगितलं, तर बघणाऱ्याला बर्फाचा पांढरा रंग आपोआप दिसतो. गेम रंगला की माणसाचं डोकं उरलेले रंग स्वतः भरतं. पण बंद पडलेलं मशीन कुठलंच डोकं चालू करू शकत नाही.

काम सोपं नव्हतं. सुरुवातीची काच अशी होती की जरा बाजूनं बघितलं की काही दिसायचंच नाही. मालकांनी ते पाहिलं आणि सगळा प्रकल्पच गुंडाळायची वेळ आली. त्या दिवसांत योकोईची झोप उडाली होती. शेवटी दुसऱ्या प्रकारची काच सापडली, जी किंचित हिरवट-पिवळी होती पण नीट दिसायची.

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेमबॉय आला. किंमत १२,५०० येन. २.६ इंचांची काच, आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, रंगाच्या फक्त ४ छटा. काचेमागं दिवाच नाही. कागदावर बघितलं तर हे मशीन जन्मतःच म्हातारं होतं.

त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा लिंक्स आला, रंगीत आणि दिव्याचा. १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत आणि दिव्याचा. प्रतिस्पर्धी हँडहेल्ड आणतोय ही बातमी घेऊन एक सहकारी घाबरून आला, तेव्हा योकोईनं फक्त एवढंच विचारलं की स्क्रीन रंगीत आहे की काळी-पांढरी. रंगीत आहे असं कळल्यावर गडी निवांत झाला. ही गोष्ट गेमिंगच्या जगात आजही सांगितली जाते.

तो निवांत का झाला हे समजायला सेल मोजायला लागतात. गेमबॉय ४ सेलवर १५ तासांच्या आसपास चालायचा. लिंक्स आणि गेम गिअर दोन्ही ६ सेल घ्यायचे आणि चार-पाच तासांत ते संपवायचे. म्हणजे १५ तास खेळायला गेमबॉयला ४ सेल आणि समोरच्याला वीसच्या आसपास. अमेरिकेत गेमबॉय साधारण ९० डॉलरला होता, गेम गिअर १५० ला आणि लिंक्स त्याहूनही महाग. आईबापांनी मशीन एकदाच घेतलं असतं, पण सेल दर आठवड्याला कोण आणणार?

शिवाय गेमबॉय दणकट होता. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला एक गेमबॉय निन्टेंडोच्या न्यूयॉर्कच्या दुकानात अनेक वर्षं ठेवलेला होता. बाहेरचं प्लास्टिक वितळून काळं पडलेलं, पण आत टेट्रिस चालू.

टेट्रिसचाही वाटा मोठा आहे. अलेक्सी पाजित्नोव यानं १९८४ मध्ये मॉस्कोत हा गेम बनवला होता. अमेरिकेत गेमबॉयसोबत मारिओ द्यायचा विचार चालला होता, पण हेंक रॉजर्स यानं टेट्रिस द्यायला लावलं. कारण मारिओ मुलं खेळतील, टेट्रिस घरातले सगळेच खेळतील. पडणाऱ्या ठोकळ्यांना रंग नसले तरी चालत होतं.

गेमबॉय आणि नंतरचा गेमबॉय कलर मिळून जगभरात ११ कोटी ८६ लाख मशीन विकली गेली. गेम गिअरची विक्री एक कोटीच्या आसपास राहिली. आणि लक्षात घ्या, योकोईचं रंगाशी वैर नव्हतं. १९९८ मध्ये दोनच सेलवर भरपूर वेळ चालेल अशी रंगीत काच मिळाली, तेव्हा निन्टेंडोनं रंगीत गेमबॉय काढलाच. पण तो बघायला योकोई राहिला नव्हता.

कारण मधल्या काळात बरंच काही घडलं.

योकोईनं पुढचं मशीन केलं व्हर्च्युअल बॉय. डोळ्यांना लावायचा मोठा चष्मा आणि आत खोली दिसणारे थ्रीडी गेम. इथंही त्यानं स्वस्त, कमी वीज खाणारे लाल दिवे वापरले. त्यामुळं सगळं जग लाल आणि काळं दिसायचं. जुलै १९९५ मध्ये मशीन आलं आणि सपशेल पडलं. ते टेबलावर स्टँडवर ठेवून मान खाली घालून बघावं लागायचं. मान दुखायची, डोकं दुखायचं. खिशात मावत नव्हतं आणि घरातल्या चौघांना मिळून बघताही येत नव्हतं. साडेसात लाखांच्या आसपास विक्री झाली आणि वर्षाच्या आत गाशा गुंडाळला.

तत्त्व तेच होतं, मग चुकलं कुठं? गेमबॉय करताना काच, सेल, खिसा, हात असा खेळणाऱ्याच्या बाजूनं हिशोब होता. व्हर्च्युअल बॉयमध्ये लाल दिवा स्वस्त होता खरा, पण त्याची किंमत खेळणाऱ्याची मान आणि डोळे मोजत होते. नुसतं स्वस्त असून भागत नाही, हे त्याच माणसाच्या वाट्याला आलं.

१५ ऑगस्ट १९९६ ला योकोईनं ३१ वर्षांची नोकरी सोडली. लोकांनी ते अपयशाशी जोडलं. पन्नाशीनंतर स्वतःचं काहीतरी सुरू करायचं हे आधीच ठरलं होतं, असं त्यानं स्वतः स्पष्ट केलं. जाण्याआधी त्याच्या हातून गेमबॉय पॉकेट झाला, लहान आणि जास्त स्वच्छ काचेचा. योगायोग बघा, त्याच वर्षी फेब्रुवारीत सातोशी ताजिरी याचा पोकेमॉन आला होता. दोन मशीन वायरनं जोडून एकमेकांत प्राणी बदलायचा खेळ. म्हातारा समजला जाणारा गेमबॉय पुन्हा तरुण झाला.

योकोईनं क्योतोमध्ये कोतो नावाची स्वतःची कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या हँडहेल्डवर काम सुरू केलं. नाव वंडरस्वान. स्क्रीन काळी-पांढरी आणि सेल फक्त एक.

४ ऑक्टोबर १९९७. होकुरिकू महामार्गावर योकोई ज्या गाडीत होता तिची पुढच्या गाडीशी धडक झाली. किती नुकसान झालंय ते बघायला तो खाली उतरला आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीनं त्याला उडवलं. वय ५६.

वंडरस्वान मार्च १९९९ मध्ये जपानमध्ये आला. ४,८०० येन किंमत आणि एका सेलवर ३० तासांच्या आसपास खेळ. त्याच्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या गेमला त्याच्या आठवणीत गुनपे असं नाव देण्यात आलं.

आता परत येऊ त्या दोन मशीनकडं, जी तुमच्या ऑनलाइन कार्टमध्ये पडून आहेत.

समजा एक आहे मियू मिनी प्लससारखं छोटं मशीन. गेमबॉयसारखं उभं, ३.५ इंचांची काच, आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके, ३००० एमएएचची बॅटरी, अंगठ्यानं फिरवायच्या काड्या नाहीत. दुसरं रेट्रॉइड पॉकेटसारखं अँड्रॉइडवर चालणारं, मोठ्या काचेचं, तगड्या प्रोसेसरचं आणि कित्येक पट महाग.

गेमबॉयचा प्रोसेसर साधारण ४ मेगाहर्ट्झचा होता. त्याची नक्कल करायला आजचं सगळ्यात साधं हँडहेल्डही पुरून उरतं. गेमबॉय, गेमबॉय ॲडव्हान्स, घरोघरी टीव्हीला जोडलेला कॅसेटवाला गेम, सेगाचे जुने गेम आणि पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत छोट्या मशीनचं व्यवस्थित भागतं. जुने बरेच गेम चौकोनी टीव्हीसाठी बनलेले, त्यामुळं ते ६४० बाय ४८० च्या काचेवर फिट बसतात. तेच गेम रुंद काचेवर टाकले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, म्हणजे पैसे दिलेल्या काचेचा बराच भाग रिकामा.

पण तुम्हाला प्लेस्टेशन २ चे गेम खेळायचे असतील तर छोटं मशीन कितीही गोंडस दिसलं तरी उपयोगाचं नाही. तिथं ताकदच लागते, दोन्ही अंगठ्यांना काड्या लागतात आणि पैसे मोजावेच लागतात. स्वस्त घेऊन नंतर पस्तावणं म्हणजे आपला स्वतःचा व्हर्च्युअल बॉय घरात आणणं.

दोन गोष्टी मात्र दोन्हींना लागू आहेत. मशीनसोबत फुकट येणारं मेमरी कार्ड बऱ्याचदा हलक्या दर्जाचं असतं, ते बदलून चांगल्या कंपनीचं टाकलेलं बरं. आणि इम्युलेटर वापरणं वेगळं, पण गेमच्या फुकट कॉपी उतरवून घेणं हे कॉपीराइटचं उल्लंघन आहे. गेम जुना झाला म्हणून त्याचा मालक संपत नाही.

राहता राहिला प्रश्न कुठलं घ्यायचं. स्पेसिफिकेशनचा तक्ता बाजूला ठेवा आणि कागदावर दहा गेमची नावं लिहा, जे तुम्ही खरंच खेळणार आहात. मग ते कुठं खेळणार तेही लिहा. हिंगोलीहून परभणीला जाताना एसटीत, गावाकडं लाइट गेल्यावर, की घरी सोफ्यावर चार्जरशेजारी. दहातले नऊ गेम छोट्या मशीनवर चालत असतील, तर दहाव्या गेमसाठी दुप्पट-तिप्पट पैसे द्यायचे का, हे मग तुमचं तुम्हालाच कळेल.